डाव्या हाताचे लेखन

पुण्याहून येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. तेथून जवळच नायगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला तो तेथेच. दरवर्षी त्या दिवशी पुढाऱ्यांच्या मोटारी नायगावकडे वळतात, हार पडतात, भाषणे होतात. भिडेवाड्यातील १८४८ ची शाळा त्यांत हमखास असते. १८८८ नंतरच्या दोन वर्षांबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतो.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईकरांनी जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटले आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. एके काळी सरकारी बांधकामांचे मक्ते घेणारा हा गृहस्थ. पण मिळकत सार्वजनिक कामात खर्ची पडलेली. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करीत होते. घरची ओढगस्त अशी, की मामा परमानंदांना सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला. या अवस्थेत जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ डाव्या हाताने लिहून काढले.

आपल्याकडे नेत्याच्या आजारपणाला दर्शनाचे रूप येते. अखेरचे शब्द टिपले जातात आणि पुढे त्यांवर वारसाहक्क सांगितले जातात. (पुरोगामी म्हणविणारेही यातून सुटलेले नाहीत.) जोतीरावांनी मागे ठेवला तो वाद घालता येईल असा ग्रंथ, तोही प्रश्नोत्तरांच्या रूपात. एकाच घरात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या महंमदी आणि पुत्र सत्यधर्मी असावा व सर्वांनी प्रेमाने नांदावे, ही त्यातली कल्पना आजही अनेक घरांना पेलणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने सांत्वन न मागता समाजापुढे एवढी कठीण मागणी ठेवावी, यातच त्या गुरूची शिकवण दिसते. कार्यकर्त्यांनीही आपल्या थकलेल्या ज्येष्ठांकडे हार घेऊन जाण्यापेक्षा वही घेऊन जावे; जिल्ह्याच्या लढ्यांचा केवढा तरी तपशील त्यांच्या स्मरणातच आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकपुत्र यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. ज्याने हाती पाटी दिली त्याच्या मागे केवळ विधवा म्हणून जगणे त्यांनी पत्करले नाही.

जोतीरावांचे दुसरे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. शिरवळ परिसरातील कारखान्यांत आज कंत्राटी पद्धतीने राबणाऱ्या तरुणांना आठवड्याची सुटी ठाऊक असते, लोखंडे ठाऊक नसतात. हा दोष त्या तरुणांचा नव्हे. त्यांच्या फाटकापर्यंत न पोहोचलेल्या संघटनांचा आहे.

१८९७ च्या प्लेगने दोघांनाही नेले. मुंबईत रुग्णांची सेवा करताना फेब्रुवारीत लोखंडे गेले. पुण्यात यशवंताने हडपसरजवळ माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविला. त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.