शिक्का नव्या चांदीला, जुनीचे काय?

चांदीच्या भावाने २०२५ मध्ये किलोमागे दीड लाख रुपयांची मजल ओलांडली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून भारतीय मानक ब्युरोने चांदीच्या हॉलमार्कला अंक-अक्षरांच्या सहा खुणांचा स्वतंत्र सांकेतांक जोडला. सोन्याचा हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीचा, २००५ मध्ये सुरू होऊनही, ऐच्छिकच ठेवण्यात आला. नव्या वस्तूच्या खरेदीदाराला या सुधारणेने आधार मिळाला. घरातील जुनी ताटे, तबके आणि चमचे मोडीत काढणाऱ्याला मात्र तो मिळालेला नाही.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रुपये आटवून भांडी घडविण्याची रीत जुनी. पण रुपये सारखे नव्हते. ब्रिटिश रुपयात हजारी सुमारे ९१६ भाग चांदी असे, निजामाच्या हाली शिक्क्यात सुमारे ८१८, तर १९४० नंतरच्या ब्रिटिश रुपयात अवघी ५००. अर्धा किलोच्या संचात पहिल्या दोन कसांतील फरकच ४९ ग्रॅम शुद्ध चांदीचा होतो. दीड लाखाच्या भावाने ही रक्कम सात हजारांवर जाते. भांड्यावर खूण नसेल, तर ही रक्कम सराफ धरील त्या घटीवर अवलंबून राहते.

विलायती चमच्या-काट्यांची गोष्ट निराळी. याच जिल्ह्यातील असई येथे १८०३ मध्ये लढाई झाली. त्या मोहिमेतील अधिकाऱ्यांनी आर्थर वेलस्लीला दिलेला, सोन्याचा मुलामा असलेल्या चांदीचा 'डेक्कन' भोजनसंच आज लंडनच्या ॲप्स्ले हाउसमध्ये आहे. त्या काळच्या लंडनच्या चांदीवर चालता सिंह ९२५ कसाची, तर बिबट्याचे मुख लंडनच्या तपासणीची ग्वाही देई. एक अक्षर वर्ष सांगे, आद्याक्षरे कारागिराची असत. राजाचे मस्तक कर भरल्याची खूण होती. ती १८९० मध्ये बंद झाली. 'ईपीएनएस' ही अक्षरे असलेला चमचा मात्र चांदीचा नव्हे. तो चांदीचा पातळ थर चढविलेल्या मिश्रधातूचा असतो. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीसारख्या पेढ्याही आपले शिक्के उठवीत. परंतु त्यामागे सरकारी कसतपासणी नव्हती. नाव म्हणजे हमी नव्हे, हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

जुन्या घडणीची, वाचता येण्याजोग्या शिक्क्यांची वस्तू आटविण्यापूर्वी जाणकाराला दाखविणे शहाणपणाचे. कारण तिचे मोल वजनापलीकडचे असू शकते. बिनशिक्क्याच्या भांड्यांसाठी मान्यताप्राप्त केंद्रातील तपासणी अल्प शुल्कात तालुक्याच्या ग्राहकापर्यंत पोहोचली पाहिजे. मोड घेताना वजनाबरोबर कस आणि घटही पावतीवर लिहिण्याचा दंडक हवा. पिढ्यान्‌पिढ्या साठविलेल्या चांदीचा निवाडा केवळ शब्दावर सोडणे ग्राहकाला परवडणारे नाही.