दोन एसटींच्या मधली वाई

महाबळेश्वरला निघालेली गाडी वाईत थांबते ती बहुधा ढोल्या गणपतीपुरती. गणपती आळीच्या तोंडाशी गाडी लागते, मंडळी दर्शन घेतात, घाटाच्या पायऱ्यांवर एक सगळ्यांचा फोटो होतो. कुणीतरी विचारतो, ‘स्वदेस इथंच काढला ना?’ दुसरा ठामपणे ‘हो’ म्हणतो आणि अर्ध्या तासात पसरणी घाटाची वळणे सुरू होतात. पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसायला दीड तास असतो, वेण्णा तलावाच्या होडीच्या रांगेत उभे राहायला तासभर असतो. वाईला मात्र वीस मिनिटे. हा हिशेब उलटा करून पाहण्यासारखा आहे.

जगात अशा मधल्या थांब्याचे मोठे कौतुक चालते. तुर्कस्तानची विमान कंपनी इस्तंबूलला विमान बदलणाऱ्या, सहा ते चोवीस तास मोकळे असलेल्या प्रवाशांना फुकट शहर दाखवून आणते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरही तशी सोय आहे. साताऱ्याकडच्या एसटीत असे कुणी विचारणार नाही. पण वाईत त्याची गरजही नाही. सकाळी साडेआठच्या सुमारास वाई स्थानकावर उतरलेल्या माणसाने दुपारी साडेबाराची पाचगणीची गाडी धरायची ठरवले, तर हाती चार तास उरतात आणि चार तासांना वाई बरोबर पुरते. वर जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात, पाचगणी इथून जेमतेम बारा किलोमीटर. एक गाडी चुकली तर आभाळ कोसळत नाही.

अट एकच. ठिकाणांची यादी खिशात ठेवायची आणि नदी धरून चालायचे.

कृष्णा गावाला लागूनच वाहते आणि गावाच्या आळ्या नदीकडे तोंड करून बसल्या आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची नावे. प्रत्येक आळीला आपला घाट आणि प्रत्येक घाटाला आपला अभिमान. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो तोही सगळ्या गावाचा एकदम नाही, एकेका घाटावर पाळीपाळीने. मांडव पडतो, कीर्तने होतात, जेवणावळी उठतात, की मग पुढच्या आळीची पाळी. 1659 साली अफझलखान वाईत तळ देऊन बसला होता, तेव्हा संकट टळावे म्हणून नदीला नवस बोलला गेला आणि तिथून हा उत्सव चालू झाला, असे परंपरा सांगते. खान वाईचा सुभेदार होता, मुलूख त्याच्या पायाखालचा होता. इथूनच तो प्रतापगडाकडे गेला आणि 10 नोव्हेंबरला पुढचे घडले. त्या दिवसांत घाटावर राहणाऱ्यांची झोप उडाली असेल, तर नवल नाही.

नदी म्हणजे कॅलेंडरवरचे नितळ पाणी, अशी समजूत करून कुणी जाऊ नये. उन्हाळ्यात पात्र रोडावते, जलपर्णी साचते, निर्माल्य पायरीला लागते. पण सकाळच्या वेळी घाट कामाला लागलेला असतो. धुणी आपटली जातात, कुणी संध्या करत असतो, पोरे पुलाकडच्या अंगाने सूर मारतात. ही वर्दळ दहानंतर ओसरते. म्हणून देऊळ आधी की घाट आधी, असा प्रश्न पडला तर घाट आधी. गणपती कुठे जात नाही.

तो जाणार तरी कसा? एका अखंड दगडातून घडवलेली सुमारे दहा फूट उंच आणि आठ फूट रुंद अशी ती मूर्ती. ‘ढोल्या’ हे नाव भक्तांनीच लाडाने ठेवलेले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधले. शेजारचे काशीविश्वेश्वराचे त्याआधीचे, 1757 चे, आनंदराव भिकाजी रास्त्यांचे. पुण्याची रास्ता पेठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते हेच आनंदराव आणि नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या. पेशव्यांची सोयरीक झाली आणि वाईच्या नदीकाठाचे रूप पालटले, असे म्हणायला हरकत नाही.

दर्शन घेऊन बाहेर पडणारे शंभरातले नव्वद लोक आल्या वाटेनेच परततात. त्यांनी देवळाच्या पाठीमागे जावे. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेलेली आहे. देऊळ पात्राला इतके लगटून आहे की पुराचा लोंढा थेट भिंतीवर आदळणार, हे बांधणाऱ्याने ओळखले होते. निमुळत्या धारेवर पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. धोम धरणातून विसर्ग वाढला की आजही पाणी देवळात शिरते, वर्तमानपत्रात तसे फोटो येतात आणि पाणी ओसरले की पुजारी गाळ काढून पूजेला बसतो. अडीचशेहून अधिक वर्षांच्या पुरांना ही भिंत पुरून उरली आहे. स्थापत्य शिकणाऱ्या मुलांना इथे आणून अर्धा तास त्या भिंतीपुढे उभे केले, तर दोन तासांचे एक व्याख्यान वाचेल.

विश्वेश्वराच्या आवारातल्या दीपमाळा आणि काळ्या दगडाचा नंदी बघायला दहा मिनिटे पुरतात. नंदीच्या गळ्यातली घुंगरमाळ दगडाची आहे हे हात लावल्याशिवाय पटत नाही.

साडेदहाच्या आत रिक्षा करून मेणवली गाठावी. अंतर तीन-चार किलोमीटर, पण परतीची रिक्षा तिथे सहज मिळेल या भरवशावर राहू नये. त्याच रिक्षावाल्याला तासभर थांबायचे आधीच ठरवून घ्यावे. इथे नाना फडणविसांचा सहा चौकी वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा घाट. ‘स्वदेस’मधले चरणपूर ते हेच. 2004 साली तो चित्रपट आला आणि तेव्हापासून शाहरुख खान कुठल्या पायरीवर बसला होता, हे दाखवणारी मुले घाटावर भेटतात. ‘गंगाजल’, ‘ओंकारा’, ‘दबंग’ अशा कितीतरी हिंदी चित्रपटांनी वाई-मेणवलीला कधी बिहार, कधी उत्तर प्रदेश बनवले. कृष्णाबाईला पडद्यावर गंगा व्हावे लागले, तिने ते मनावर घेतलेले दिसत नाही.

मेणवलीत चित्रीकरणाच्या खुणा शोधण्यापेक्षा घंटा बघावी. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी घुमटीत ती टांगलेली आहे. पंचरशी, जाडजूड, काठाला हिरवट छटा. जवळ जाऊन वाकून पाहिले की तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि 1707 हे साल दिसते. ही चर्चची घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा लुटीत आल्या आणि देशावरच्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, मेणवलीची ही तिसरी. विजयाची निशाणी म्हणून आणलेल्या या घंटेवरची मेरी कुणी घासून काढली नाही, हे विशेष. शंकराच्या दारात ती बाळाला घेऊन अजून उभी आहे.

नानांसाठीही वाई हा एकदा मधला थांबाच ठरला होता. सवाई माधवराव 1795 मध्ये गेल्यावर गादीचा घोळ सुरू झाला, डाव उलटू लागला आणि 1796 मध्ये नाना पुण्यातून निघाले. सातारा, मग वाई, मग घाट उतरून महाड. तिथे बसून त्यांनी सगळी सूत्रे पुन्हा हाती घेतली आणि परत पुण्याला कारभारावर आले. वाईच्या मुक्कामात त्यांनी नक्की काय मसलती केल्या असतील, याचा अंदाज वाड्याच्या माडीवर उभे राहून बांधायला मजा येते. वाड्यात सापडलेली नानांची कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासकारांना ठाऊक आहेत.

इंग्रज आले तेही वाईवरूनच वर चढत. महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण करायचे ठरले, तेव्हा 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ते गाव घेऊन बदल्यात वाई प्रांतातले खंडाळा देण्यात आले. पुणे-सातारा रस्त्यावर लागते तेच हे खंडाळा. आज दोन्ही ठिकाणचे जमिनीचे भाव पाहिले, तर सौदा कुणाला लाभला हे सांगायला नको. पुढे 1848 ते 1853 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड फॉकलंड यांच्या पत्नीने आपल्या ‘चाऊ-चाऊ’ या प्रवासवर्णनात वाईवर मनापासून लिहिले आहे. तिलाही वरच जायचे होते, पण घाट, देवळे आणि भोवतीचे डोंगर बघत ती इथे रमली.

मात्र वाईतल्या मुक्कामाचे सोने कसे करावे, याचा वस्तुपाठ एका बावीस वर्षांच्या मुलाने घालून दिला. 1917 मध्ये विनोबा भावे साबरमतीच्या आश्रमातून एका वर्षाची रजा मागून बाहेर पडले. प्रकृती सुधारायची होती आणि संस्कृत शिकायचे होते. वाईला नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा होती. हेच पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. त्यांच्यापाशी विनोबांनी उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन असा फडशा पाडला. स्वतः शिकता शिकता इतरांना गीता आणि ज्ञानेश्वरी शिकवली. गडकोट पायी पालथे घातले. वाचनालय काढायचे तर पैसा हवा, म्हणून विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जात्यावर लोकांची दळणे दळली आणि आलेले पैसे वाचनालयाला दिले. ब्राह्मणांची पोरे पैसे घेऊन दळण दळतात हे तेव्हाच्या वाईला पचायला जड गेले असणार. या सगळ्याचा जमाखर्च त्यांनी 1918 च्या फेब्रुवारीत गांधींना पत्राने कळवला. चेला गुरूच्या पुढे गेला, अशी दाद गांधींनी दिली. वर्ष भरताच विनोबा आश्रमात हजर.

त्याच पाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरहून शिकायला आलेला दुसरा एक मुलगा मात्र परत गेलाच नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचेच झाले. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला 1955 मध्ये साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार मिळाला तो त्यांना. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकपद त्यांच्याकडे आले आणि कोशाचे बिऱ्हाड मुंबई-पुण्याऐवजी वाईला पडले. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. अणुशास्त्रापासून अभंगापर्यंत सगळ्या नोंदींची मुद्रिते या तालुक्याच्या गावात तपासली जात. चार तासांच्या पाहुण्याने गंगापुरीतल्या विश्वकोशाच्या इमारतीवरून एक फेरी मारावी. सरकारी कचेरी आहे, सुटीच्या दिवशी दार बंद असणार. पण रविवारी गेलो आणि बंद दिसले, ही तक्रार करण्याआधी आपण घरी विश्वकोश कधी उघडला, हे आठवून पाहिलेले बरे.

आता काय सोडायचे तेही सांगितले पाहिजे. धोमचे नृसिंहाचे देऊळ सुरेख आहे, कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला तिथला नंदी तर दुसरीकडे बघायला मिळणार नाही. पण ते आठ-नऊ किलोमीटर आत आहे आणि मेणवलीनंतर ते गाठायला निघाले की घड्याळ डोक्यावर बसते. पांडवगड, वैराटगड, कमळगड हे तर स्वतंत्र दिवसाचे काम. चपला घालून, हातात फरसाणाची पुडी घेऊन गडाच्या पायथ्याशी आलेली कुटुंबे अर्ध्या वाटेतून परततात. धोम किंवा गड बघायचाच असेल, तर वाईत रात्रीचा मुक्काम करावा आणि महाबळेश्वरची एक रात्र कमी करावी. ज्यांनी शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत गाडी लावायला जागा शोधली आहे, त्यांना हा सौदा पटेल.

पोटाची सोय अवघड नाही. बाजाराच्या रस्त्यावर मिसळ आणि भजी हाताशी आहेत. स्ट्रॉबेरी वर पाचगणीला, भिलारला घ्यावी, तिचे मळे तिथेच आहेत. पसरणी घाट चढताना गाडीत गाण्यांच्या भेंड्या सुरू असतील, तर मागे सुटणारे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव, हेही कुणीतरी सांगून टाकावे. त्यांनी गायलेले ‘महाराष्ट्र गीत’ पोरांना शाळेत पाठ असते.

वर्षातून एका दिवशी मात्र यातले कुठलेच वेळापत्रक चालत नाही. रंगपंचमीला बावधनचे बगाड निघते. होळीच्या रात्री भैरवनाथाला कौल लावून बगाड्या निवडला जातो, कृष्णाकाठच्या सोनेश्वरपासून लाकडी चाकांचा तो प्रचंड गाडा बैल जुंपून बावधनकडे ओढत नेतात, आणि उंच शिडाला टांगलेला बगाड्या वर आभाळात. बैलजोड्या दमल्या की बदलतात, गाडा रुतला की हजारो माणसे ओरडून बैलांना बळ देतात. त्या दिवशी वाई-सातारा रस्त्याचे काय होईल ते भैरवनाथाला ठाऊक. वर महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याला सकाळीच फोन करून ‘रात्री जेवायला येऊ’ असे सांगून ठेवावे आणि गाडी बावधनच्या अलीकडे शेतात लावून चालू लागावे.