विश्लेषण : केबल जोडलेली, दिवा लागलेला, तरी इंटरनेट का अडते?

वीज वाचवण्यासाठी संगणकाचे नेटवर्क कार्ड अधूनमधून झोपते. त्याने दिलेली हाक प्रोसेसरपर्यंत पोहोचली नाही, तर केबल आणि राउटर दोन्ही ठीक असूनही काम थांबते. इन्व्हर्टरवर भिस्त असलेल्या किनारपट्टीतल्या गावांसाठी हा बिघाड आणि त्यावरचा उपाय समजून घेणे गरजेचे आहे.

रेवदंड्यात प्रश्न कशाचा?

कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले रेवदंडा हे अलिबाग तालुक्यातील गाव. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगडमधील अनेक गावांना कित्येक दिवस विजेविना काढावे लागले. अशा पट्ट्यात सेवा केंद्र असो, पतसंस्था असो की लॉजचा काउंटर, संगणक इन्व्हर्टरवर चालवण्याची तयारी ठेवावीच लागते. त्यामुळे वीजबचतीची सोय इथे उपयोगाची. मात्र तीच सोय सदोष असेल तर संगणक थोडा वेळ रिकामा राहिला की नेट अडते. सात-बारा काढायला आलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळते. त्याचा दिवस बुडतो आणि खरा दोष टेबलाखालच्या डब्यात तसाच राहतो.

इंटरप्ट म्हणजे काय?

नेटवर्क कार्डाकडे माहितीचे पॅकेट आले की ते मेमरीत ठेवले जाते आणि कार्ड प्रोसेसरला इशारा देते. हा इशारा म्हणजे इंटरप्ट, दाराची कडी वाजवण्यासारखा. एक गिगाबिट वेगाने पूर्ण आकाराची पॅकेट येत राहिली तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे ८१ हजार होते. प्रत्येक वेळी कडी वाजली तर प्रोसेसरला दुसरे काही करताच येणार नाही. म्हणून पहिल्या इशाऱ्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाताळणारी प्रणाली, पुढचे इशारे बंद करतो, रांगेतली पॅकेट उचलतो आणि रांग संपली की इशारे पुन्हा सुरू करतो. ही पद्धत कार्यक्षम आहे. पण सारी मदार त्या पहिल्या इशाऱ्यावर असते. तो हरवला तर पॅकेट मेमरीत पडून राहतात आणि कोणी उचलत नाही.

वीजबचत कुठे कुठे होते?

तीन ठिकाणी. पहिले ठिकाण केबलचे. २०१० मध्ये मंजूर झालेल्या ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ या मानकानुसार वाहतूक नसताना दोन्ही टोकांची यंत्रे विश्रांती घेतात. गिगाबिट जोडणीला जागे व्हायला साधारण १६.५ मायक्रोसेकंद लागतात. पूर्ण आकाराचे एक पॅकेट पाठवायला सुमारे १२ मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे जागे होण्याचा वेळ कामाच्या वेळेपेक्षा जास्त. दुसरे ठिकाण कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील पीसीआय एक्सप्रेस मार्गिका. तिच्या झोपेच्या व्यवस्थेला ‘एएसपीएम’ म्हणतात. तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द प्रोसेसर किंवा संपूर्ण कार्ड. यांपैकी कुठेही ‘जागे कोणी, कोणाला आणि कधी करायचे’ यात गल्लत झाली की इशारा उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही.

अशी गल्लत प्रत्यक्षात झाली आहे का?

होय, आणि मोठ्या कंपन्यांच्या चिपमध्येही. फ्रीस्केल (आता एनएक्सपी) कंपनीच्या ‘आय.एमएक्स ६’ प्रोसेसरबाबत कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या त्रुटीपत्रकात ६६८७ क्रमांकाची त्रुटी नोंदलेली आहे. प्रोसेसर ‘वेट’ अवस्थेत गेला की इथरनेटचे नेहमीचे इंटरप्ट त्याला उठवू शकत नाहीत. पॅकेट येते, कडी वाजते, पण ती ज्या खोलीत ऐकू जायला हवी तिथे आवाजच जात नाही. दुसऱ्या एखाद्या कामासाठी प्रोसेसर उठला की मग पॅकेटकडे लक्ष जाते. वापरणाऱ्याला नेट फक्त संथ आणि बेभरवशाचे वाटते.

यावरचा उपाय कल्पक होता. इथरनेटचा इशारा चिपच्या एका वेगळ्या पिनवरून फिरवून आणायचा. त्या पिनच्या इशाऱ्याने प्रोसेसर उठतो. वीजबचतही टिकली आणि पॅकेटही वेळेवर उचलले गेले. किंमत एवढीच की ती पिन दुसऱ्या कामाला उरली नाही.

सगळेच उपाय असे साधतात का?

नाही. अनेक घरगुती संगणकांत रिअलटेकची नेटवर्क चिप असते. लिनक्समधील तिच्या ‘आर८१६९’ ड्रायव्हरमध्ये एएसपीएमवर वर्षानुवर्षे निर्बंध होते, कारण काही संगणकांवर ते सुरू असताना जोडणी अडकत असे. २०२३ मध्ये ड्रायव्हरची देखभाल करणारे हायनर काल्वाइट यांनी मधला मार्ग काढला : पॅकेट उचलण्याचे काम सुरू असताना ही झोप बंद ठेवायची आणि एरवी चालू. हा बदल जून २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.४ मध्ये होता. पण अनेक संगणकांवर जोडणी तुटत असल्याच्या तक्रारी आल्या. वेगही घटत असल्याचे आढळले. जुलैमध्ये बदल मागे घेण्यात आला. तर्काने बरोबर वाटणारा उपाय प्रत्येक मदरबोर्ड आणि बायॉसवर टिकतोच असे नाही, हा त्यातला धडा.

आणखी एक अडचण झोपलेल्या कार्डाच्या वाचनाची. ते उत्तर देत नसल्याने ड्रायव्हरला सर्व बिट ‘एक’ असलेला अर्थहीन आकडा मिळतो. तो ओळखून बाजूला टाकला नाही तर ड्रायव्हर त्यालाच खरी माहिती समजतो. उलट एक लाखांपैकी ९९,९०० हून अधिक इंटरप्टना कोणीच वाली नसेल तर लिनक्स ती इंटरप्ट वाहिनीच बंद करते. त्या वाहिनीवर अवलंबून असलेली इतर उपकरणेही मग त्यात भरडली जातात.

दोष खारट हवेचा की ड्रायव्हरचा?

किनाऱ्यावर हा फरक आधी तपासायला हवा, कारण खाऱ्या दमट हवेने केबलच्या टोकाचे आणि पोर्टचे संपर्क गंजतात. काम सुरू असतानाच पोर्टवरचा दिवा विझत असेल, केबल हलवली की जोडणी येत-जात असेल, तर संशय गंजावर घ्यावा. दिवा लागलेला आहे, मोठी फाइल उतरवताना काहीच अडत नाही, मात्र पाच-दहा मिनिटे संगणक रिकामा राहिल्यावर किंवा स्लीपमधून उठवल्यावर नेट अडते, तर वीजबचतीकडे पाहावे. राउटरला सतत ‘पिंग’ करत ठेवल्यावर त्रास थांबला तर हा संशय आणखी बळावतो.

मग वीजबचत बंदच करावी का?

सरसकट नाही. सुरुवात उत्पादकाच्या ताज्या ड्रायव्हरने आणि बायॉस अद्ययावत करण्याने करावी. तरीही भागले नाही तर एका वेळी एकच सोय बंद करून एक दिवस पाहावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद करता येते. वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची संगणकाला दिलेली परवानगीही तिथेच काढता येते. लिनक्समध्ये ‘ईथटूल’ हेच काम करते.

हा क्रम महत्त्वाचा आहे. केबलवरची बचत बंद केल्याने एका पोर्टमागे जाणारी वीज साधारण एक वॅटच्या आत असते. संपूर्ण संगणकाचे एएसपीएम बंद केले तर मात्र प्रोसेसरलाही गाढ झोपेत जाता येत नाही आणि रिकाम्या संगणकाची वीज काही वॅटनी वाढू शकते. शहरातल्या कार्यालयात ही वाढ कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पावसाळ्यातल्या रात्री वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ पुरेल, हे त्या काही वॅटवरही ठरते. म्हणून झोप मोडण्यापेक्षा जाग दुरुस्त करणे केव्हाही चांगले. सरकारी सेवा गावापर्यंत ऑनलाइन नेताना फायबर टाकून थांबता येणार नाही. टेबलाखालच्या संगणकाचा ड्रायव्हर शेवटचा कधी अद्ययावत केला, याची नोंदही देखभालीच्या यादीत असायला हवी.