शिबिर संपलं, दाढ तशीच राहिली

औसा तालुक्यातल्या एका गावात माझी खाला राहते. सोयाबीनच्या रानात रोजंदारी करते. मागच्या बकरी ईदला गेलो, तेव्हा ती भाकरी कालवणात कुस्करून खात होती. खालच्या दोन दाढा काढून टाकल्या होत्या. जेवण झाल्यावर आधार कार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून तिनं एक चिठ्ठी काढली. "बेटा, ही तुमच्याच शिबिरातली. सांभाळून ठेवली होती."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दाढ किडली आहे, रूट कॅनाल करावं.' तारीख दोन वर्षांपूर्वीची. ते शिबिर आम्ही पोरांनीच गावात भरवलं होतं. टूथपेस्ट वाटल्या, फोटो काढले आणि वहीत खालाच्या नावापुढे 'तपासणी पूर्ण' लिहिलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे तक्रार लिहून घेतली म्हणून काम संपत नाही. बिघाड दुरुस्त झाला आणि तक्रार करणाऱ्यानं 'आता चालतंय' म्हटलं, की मगच ती बंद होते. खालाची तक्रार आम्ही दुरुस्तीआधीच बंद करून टाकली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की किती लोक तपासले हे मोजणं आपण सोडू आणि किती दात वाचले ते मोजू.

गरिबाचा दात वाचत का नाही? कीड लवकर सापडली तर दाढ बहुतेक वेळा एका खेपेत भरून होते. उशीर झाला की रूट कॅनाल. त्याला अनेकदा दोन-तीन खेपा, खासगीत हजारो रुपये आणि वर कॅपचा खर्च. काढून टाकणं मात्र स्वस्त आणि एका दिवसाचं काम. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? मग मेडिकलवरची गोळी, लवंग आणि शेवटी मिश्री. मिश्रीनं ठणका दबल्यासारखा वाटतो, पण ती भाजलेली तंबाखूच आहे.

आता सोयी बघू. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयं आहेत, पण खासगी. जुनं सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, नांदेडपासून सुमारे २५० किलोमीटरवर. किनवटच्या माणसाला तर नांदेडच १२५ किलोमीटरच्या पुढे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण तिथे दंतवैद्याची जागा भरलेली नसेल किंवा खुर्ची बिघडलेली असेल, तर मोफत काय मिळणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तिच्यात बसतं, साधी दाढ भरणं बसत नाही.

आणि कॅन्सरची गोष्ट आपल्यापासून लांब नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २४.४ टक्के प्रौढ माणसं धूरविरहित तंबाखू वापरत होती. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला लागलेल्या आपल्या दोन जिल्ह्यांत पुडी कुठे मिळते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, आज बघा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. हा धोका बऱ्याचदा पहिल्यांदा दंतवैद्यालाच दिसतो. गावात तोच नसेल, तर दिसणार कुणाला?

आपल्याला तोंडाच्या स्वच्छतेचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. मिसवाक सुन्नत आहे आणि दिवसातून पाच वेळा वुजू करताना आपण कुल्ला करतो. पण पडलेली कीड मिसवाकनं भरून निघत नाही, आणि गालात पुडी धरून फिरणाऱ्याला कुल्ला वाचवत नाही.

'हे तर सरकारचं काम,' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच पहिलं काम विचारण्याचं. १० रुपयांत माहितीचा अधिकार वापरता येतो. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याचं पद मंजूर आहे का, भरलं आहे का, खुर्ची चालू आहे का, आणि गेल्या वर्षी किती दात भरले, किती काढले? शेवटच्या दोन आकड्यांत सगळं कळतं. उत्तर घेऊन रुग्ण कल्याण समितीकडे आणि ग्रामसभेत जायचं.

दुसरं काम शिबिराची रीत बदलण्याचं. बीडीएसच्या इंटर्नशिपमध्ये सामाजिक दंतशास्त्राचा काळ असतोच. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांना सांगू, की वर्षातून एकदा दहा गावांत येण्यापेक्षा एकाच गावात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी या. उपचार तिथेच करता येतात. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायला ड्रिल लागत नाही, वीजही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हे सिमेंट आणि कीड थोपवणारं सिल्व्हर डायमिन फ्लोराइड अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. मोठ्या पोकळीला ते पुरत नाही, पण शाळकरी पोरांच्या कितीतरी दाढा वाचतील.

तिसरं काम आपल्या घरचं. रमजानमध्ये जमा होणाऱ्या पैशातून प्रत्येक मोहल्ल्यानं थोडा भाग दातांच्या उपचारासाठी ठेवावा. त्यातून रूट कॅनाल, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज द्यावा. जकातीचे नियम इमामसाहेबांना विचारून घ्या. सदका आणि इमदाद तर कुणालाही देता येते, त्यामुळे यादीत फक्त आपल्याच गल्लीची नावं नकोत. खालासोबत त्याच रानात खुरपणाऱ्या मावशींची दाढही तशीच ठणकते. आणि यादीतल्या प्रत्येक नावामागे एक तरुण हवा, जो पुढच्या तारखेला फोन करील आणि सोबत जाईल.

खालाची वरची एक दाढ आता दुखायला लागली आहे. या महिन्यात मी सुट्टी काढून तिला घेऊन जाणार आहे, एकदा नाही, लागतील तितक्या वेळा. वहीत तिच्या नावापुढे 'पूर्ण' कधी लिहायचं, ते या वेळी खालाच सांगेल.