एकच प्याला, तीन कागद

मुंबईहून कोकणात निघालेल्या माणसाला पळस्पे हे गाव म्हणून क्वचितच ठाऊक असते. त्याच्या लेखी तो एक फाटा असतो. जुना मुंबई-पुणे रस्ता इथून सरळ पुढे जातो, गोव्याचा महामार्ग फुटतो आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडून येणारे कंटेनरही इथेच येऊन मिळतात. २०११ साली चौपदरीकरण सुरू झाले तेव्हापासून ‘पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर’ हे शब्द रखडलेल्या कामाचे दुसरे नाव होऊन बसले, हीच काय ती या गावाची वर्तमानपत्री ख्याती.

समजा, या फाट्यावर ज्याची रोजची फेरी संपते असा एक ट्रकचालक आपण डोळ्यांपुढे आणला. वय चाळिशीचे, दोन मुले, रात्रीची क्वार्टर ठरलेली. गेली दोन वर्षे सकाळीही घोटभर लागते, कारण त्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही. हा माणूस काल्पनिक आहे. पण त्याच्या नावे निघू शकणारे तीन कागद मात्र अगदी खरे आहेत.

पहिला कागद सरकारी. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा (आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) अजून रद्द झालेला नाही. त्यामुळे विदेशी मद्य पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो दिला जातो आरोग्याचे रक्षण व्हावे म्हणून! दुकानातून सहज मिळणाऱ्या त्या कागदावरचे हे कारण वाचायची तसदी कुणी घेत नाही. दुसरा कागद रुग्णालयाचा. बायकोने आणि भावाने मिळून त्याला एकदा दाखल केले, दहा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी कार्डावर निदान लिहिले आणि शेजारी एक संकेतांक टाकला : एफ १०.२. तिसरा कागद विमा कंपनीचा. दावा नाकारल्याचे पत्र आणि त्यात दुसराच संकेतांक : ‘एक्सक्ल १२’. म्हणजे हा माणूस सरकारदरबारी आरोग्यासाठी पितो, डॉक्टरांच्या लेखी तो आजारी आहे, आणि विमा कंपनीच्या लेखी तो आजारी असला तरी तो आजार तिचा नव्हे.

संकेतांक हा तसा कारकुनी विषय; रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायचा नव्हे. पण या दोन-चार अक्षरांवर एका कुटुंबाचे बरेच काही अवलंबून असते, म्हणून थोडे खोलात जाऊ.

दारूचे मोजमाप आपल्याकडे अनेक परींनी होते. महामार्गावरच्या दारूदुकानांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये ती मीटरांत मोजली. रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत दुकान नको, असा तो आदेश होता. पुढे लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले, शहरांना सूट मिळाली, आणि २०१८पर्यंत त्या आदेशाची धार बरीच बोथट झाली. पोलीस दारू मिलिग्रॅममध्ये मोजतात : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सापडला की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू होते. डॉक्टरांनी मात्र ती मोजायची कशात?

घरोघरी विचारला जाणारा प्रश्न ‘किती घेतो?’ हा असतो, आणि नेमका तोच निदानाच्या निकषांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, दहावी आवृत्ती १९९०मध्ये मान्य झाली. तिच्यात दारूमुळे होणाऱ्या मानसिक विकारांना ‘एफ १०’ हे घर दिले आहे. त्याच्या आत खोल्या आहेत. एफ १०.१ म्हणजे घातक सेवन : पिण्यामुळे शरीराला वा मनाला इजा झाली आहे, पण दारूने माणसाचा ताबा घेतलेला नाही. एफ १०.२ म्हणजे व्यसनाधीनता. तिच्या खुणा सहा. पिण्याची तीव्र ओढ. सुरुवात, शेवट आणि मात्रा यांवर ताबा न राहणे. बंद केल्यावर शरीराने बंड करणे. तेवढ्याच नशेसाठी अधिक लागणे. बाकी साऱ्या गोष्टींतला रस आटणे. आणि अपाय दिसत असूनही पीत राहणे. वर्षभरात यांपैकी तीन आढळल्या की निदान झाले. आपला चालक रोज एकच क्वार्टर घेतो की तीन, याने निकालात फरक पडत नाही. त्याची सकाळची थरथर अधिक बोलकी ठरते.

ही कल्पना १९७६ची. ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि मिल्टन ग्रॉस या दोघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती मांडली. त्यांनी सांगितलेली एक खूण आपल्याला परकी वाटणार नाही : बऱ्याच काळाने पुन्हा पहिला घोट घेतला की वर्षानुवर्षांत वाढलेले व्यसन काही दिवसांत पूर्ववत उभे राहते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर आठवावा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मराठी घरांना दारूबद्दल जे शिकवले, ते पुढे डॉक्टरांच्या पुस्तकांत आले. फरक इतकाच, की आपण त्यातून ‘तळीराम’ ही शिवी उचलली आणि सुधाकराचा आजार तिथेच सोडून दिला.

शिवीकडून आजाराकडे येण्याचा हा प्रवास महाराष्ट्रात काही माणसांनी जाणीवपूर्वक घडवला. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथे दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणायची रीत पडली. ‘बेवडा’ आणि ‘रुग्णमित्र’ या दोन शब्दांमधले अंतर ५०० मीटरांहून बरेच अधिक आहे. एफ १०.२ हा संकेतांक तेच काम कोरड्या भाषेत करतो. तो चारित्र्याचा दाखला देत नाही, दुखण्याचे नाव सांगतो.

आता यातली गुंतागुंत. वर्गीकरण एकच असते तर बरे होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे स्वतःचे पुस्तक आहे, डीएसएम. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ हा जुना भेद मोडून मद्यसेवनाचा एकच विकार केला. खुणा अकरा; दोन-तीन असल्या तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा वा अधिक तर तीव्र. आयसीडीने मात्र अकराव्या आवृत्तीतही दोन कप्पे वेगळेच ठेवले. २०२२पासून लागू झालेल्या या आवृत्तीत दारूचा पत्ता ‘६सी४०’ असा बदलला असून सहा खुणांच्या तीन जोड्या करून त्यांतल्या दोन पुरेशा मानल्या आहेत. म्हणजे एकच माणूस एका पुस्तकाप्रमाणे ‘सौम्य विकारी’ आणि दुसऱ्याप्रमाणे निरोगी ठरू शकतो.

याहून चमत्कारिक एक गोष्ट आहे आणि मनोविकारतज्ज्ञांनीही ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. जागतिक संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत एफ १०.२च्या पुढे आणखी एक अंक जोडून सद्यःस्थिती सांगता येते. एफ १०.२० म्हणजे व्यसनाधीन, पण सध्या दारूपासून दूर, एफ १०.२४ म्हणजे अजून पीत असलेला. अमेरिकेने आपल्यापुरती जी सुधारित यादी केली तिच्यात मात्र एफ १०.२० म्हणजे व्यसनाधीनता चालू आहे आणि दुसरी गुंतागुंत नाही. सोडलेल्यासाठी तिथे एफ १०.२१ आहे. अक्षर न् अक्षर तेच आणि अर्थ उलटा! दोन वर्षे थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या कार्डावर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे एफ १०.२० लिहिले, आणि ते कार्ड अमेरिकन यादीवर चालणाऱ्या संगणकापुढे वा परदेशातल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत गेले, तर तिथे तो पीतच असलेला ठरेल. रायगड-रत्नागिरीतून किती घरांतली माणसे बोटीवर आणि आखातात जातात हे इथे सांगायला नकोच. उपाय बिनखर्चाचा आहे. संकेतांकाबरोबर शब्दांत निदान लिहावे, कुठली यादी आणि कुठली आवृत्ती ते लिहावे, आणि शेवटचे पिणे कधीचे त्याची तारीख घालावी. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढेच राहून जाते.

पण खरी मेख तिसऱ्या कागदात आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली, तीत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे घातल्या आहेत. त्याच कायद्याचे २१वे कलम सांगते, की शारीरिक आजारासाठी जसा विमा, तसाच मानसिक आजारासाठी असला पाहिजे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली तर एफ १०.२च्या उपचाराला विमा मिळायला हवा, असे कुणालाही वाटेल. २०१९मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, विम्यातून काय वगळता येईल त्याची प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली. मानसिक आजार सरसकट वगळायचा नाही, असे बजावले. आणि त्याच वेळी वगळण्याजोग्या गोष्टींत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ, कोणतेही व्यसन ‘आणि त्यांचे परिणाम’ यांवरचे उपचार बसवले. तेच हे ‘एक्सक्ल १२’. वाचकांनी कपाटातली स्वतःची आरोग्य पॉलिसी काढून पाहावी. बहुधा हा क्रमांक सापडेल.

या तरतुदीच्या बाजूने बोलायचे तर, कंपन्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. स्वतः ओढवून घेतलेल्या दुखण्याचा भार इतर विमाधारकांनी का उचलावा, असे ते विचारतात. पण हाच न्याय लावला तर तंबाखूने झालेला कर्करोग आणि जिभेच्या चोचल्यांनी वाढलेला मधुमेहही वगळावा लागेल, आणि तसे कुणी करत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१मध्ये एका मनोरुग्णाच्या बाबतीत विमा कंपनीचा नकार चुकीचा ठरवला आणि २१वे कलम बंधनकारक असल्याचे सांगितले. तो खटला दारूचा नव्हता. पण ज्या कायद्याच्या व्याख्येत दारूचा उल्लेख आहे, त्याच कायद्याचा अर्थ दारूपाशी येऊन बदलावा, हे माझ्या मते टिकणारे नाही.

व्यवहारात याचा परिणाम काय होतो? कागद सौम्य होतात. एफ १०.२च्या जागी नैराश्य किंवा जठरदाह येतो. दारूने झालेल्या यकृताच्या सिरोसिसला के ७०.३ असा वेगळा संकेतांक आहे. कारण सांगायचे नसेल तर के ७४.६ आहेच. डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण समोर रुग्णाची बायको ‘साहेब, ते दारूचे तेवढे लिहू नका’ म्हणून हात जोडून उभी असते, तेव्हा तिची बाजू डॉक्टरांना पुस्तकापेक्षा जवळची वाटते. स्त्रीच जर पीत असेल, तर ते लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९च्या पाहणीत देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूच्या अधीन असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतल्या ३८ जणांमागे एकालाच कुठल्याही प्रकारची मदत मिळाली होती. उरलेले ३७ कुठे असतात? त्यांतले काही दवाखान्यांतच असतात, दुसऱ्या नावाने.

आणि हे लपवणे नेहमी निरुपद्रवी नसते. पुन्हा पळस्प्याच्या आपल्या चालकाकडे येऊ. एका संध्याकाळी फाट्यावर त्याच्या मांडीचे हाड मोडते. तो पिऊन होता की नव्हता हा वेगळा प्रश्न, पण दाखल करताना डॉक्टर ‘दारू घेतात का?’ असे विचारतात आणि भाऊ चटकन ‘नाही’ म्हणतो. त्याच्या मनात पोलीस असतात, विमा असतो, आणि भोवती उभी असलेली गावची माणसेही असतात.

रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. एखाद्याला फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो : माणूस दिशा विसरतो, भिंतीवर किडे दिसतात, सलाइन उपसून टाकतो. या अवस्थेला एफ १०.४ असा स्वतंत्र संकेतांक आहे आणि उपचार न झाल्यास ती जीव घेऊ शकते. वेळीच कळले तर उपाय कठीण नाही. झटके आणि भ्रम आवरणारी औषधे आणि ‘ब १’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने जिल्ह्याच्या रुग्णालयातही देता येतात. घरच्यांनी डॉक्टरांना एवढेच सांगायचे असते, की रोज घेतो, आणि शेवटची अमुक वाजता घेतली. २०२०च्या टाळेबंदीत दारूदुकाने अचानक बंद झाली तेव्हा केरळ सरकारने अशा त्रासाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचे ठरवले होते. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ते थांबवले. उपचार असताना विष कशासाठी, हा डॉक्टरांचा सवाल रास्त होता. पण सरकारने निदान दुखणे ओळखले होते.

आपल्या चालकाच्या वॉर्डात तिसऱ्या रात्री गडबड उडते. तो पलंगावरून उतरायला बघतो, प्लास्टरच्या पायाने कल्पनेतला क्लच दाबत राहतो. भावाला वाटते डोक्याला मार लागला असावा, आईला वाटते बाहेरचे काही लागले. दोघे वॉर्डबॉय त्याचे हात पट्ट्यांनी बांधतात. परिचारिका केसपेपरचे पहिले पान काढून दिव्याखाली धरते. ‘व्यसने’ या शब्दापुढे डॉक्टरांनी भावाचे उत्तर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले आहे : नाहीत.