साताच्या पुढे न जाणारी माती

वर्ध्याची काळी माती विम्लतेकडे झुकलेली. सामू बहुधा साडेसाताच्या वरच. म्हणून एका प्रयोगशाळेत नमुन्यामागून नमुना सात, सात, सात असा उतरताना दिसला, तेव्हा मी मातीऐवजी मीटरच्या पाठीकडे पाहिलं. "मशीन तं नवीन हाये सर," सहायक म्हणाला, "पण साताच्या पुढं जातच नाही."

पाठीमागे बीएनसी कनेक्टर होता. दाबून पाव फेरा दिला की बसणारा. त्यातली मधली सुई काचेच्या इलेक्ट्रोडचा संदेश आणते. भोवतीची जाळी संदर्भ-इलेक्ट्रोडची तार होते आणि बाहेरच्या विजेपासून आडोसाही. जाळीचा एखादा केस सुईला टेकला, की मीटरला मिळतात शून्य मिलिव्होल्ट. शून्य म्हणजे सामू सात. मग बीकरमध्ये लिंबू पिळा नाहीतर चुना कालवा! सर्वांशी समभाव सेवाग्रामच्या जिल्ह्याला शोभतो, मीटरला नाही.

तार तुटली तर निदान कळतं. पावसाळ्यातली ओल जास्त लबाड. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शेकडो मेगाओहमचा, आणि सामूच्या एका अंकामागे 25 अंशाला जेमतेम 59 मिलिव्होल्ट. कनेक्टरवर बोटाचं तेल आणि दमट हवा बसून तेवढ्याच रोधाची गळती झाली, तर अर्धा संदेश वाटेतच जिरतो. आठाची माती साडेसात दिसते, आणि कुणाला शंकाही येत नाही.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. मे महिन्यात काळी जमीन आकसते, भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडतं. मग स्टिरर सुरू केला की आकडा उडतो, केबलजवळ हात नेला की नाचतो. बीकरमधल्या मातीचा सामू खरा उतरायला बाहेरच्या त्याच मातीने अर्थिंगला धरून ठेवायला हवं! आकडा नाचू नये म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे 'जाणकार' मी पाहिले आहेत. आकडा कधीकधी थांबतोही. पण पेटीत वीज उतरली, तर ती माणसातून जमीन गाठते.

माझी तक्रार खरेदीच्या कागदांशी आहे. मीटर दशांशाचे किती अंक दाखवतो, हे निविदेत असतं. खड्डा, सुटी केबल, कनेक्टरचं झाकण यांना ओळ नसते. अर्थिंगचा रोध मोजायचाच तर मे महिन्यात मोजा. ऑगस्टमधल्या चिंब जमिनीत कुठलंही अर्थिंग पास होतं.

त्या दिवशी केबल बदलली, बफरने मीटर लावून घेतला. पहिला नमुना 8.1 आला. सहायकाने नोंदवही उघडली, आधीच्या पानांवरून बोट फिरवत गेला आणि विचारलं, "याचे माती तपासणीचे कार्डं तं वाटून झाले, सर. आता?"