मुदतीचा शब्द : ऑनलाइन विक्रीतील खरी पत

बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याचा माल प्रथम पोहोचतो, सौदा नंतर होतो आणि पैसा सर्वांत शेवटी हाती येतो. ऑनलाइन बाजारपेठेत हा क्रम उलटा आहे. तेथे गिऱ्हाईक प्रथम मागणी नोंदविते, पुष्कळदा पैसेही त्याच वेळी भरते, आणि माल मात्र अद्याप गावातील कोठीत, शीतगृहात किंवा झाडावरच असतो. मागणी आणि माल यांमधील हे अंतर केवळ विक्रेत्याने दिलेल्या मुदतीच्या शब्दावर तोललेले असते. तो शब्द ढळला की मालाची प्रत कितीही उत्तम असली, तरी विक्रेत्याची पत ढळते.

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिलांचे बचत गट आता या बाजारपेठेत उतरू लागले आहेत. देशात दहा हजार उत्पादक संघटना उभारण्याची केंद्र सरकारची योजना २०२० मध्ये सुरू झाली, आणि २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या जाळ्यावर अशा संघटनांना विक्रेते म्हणून नोंदविले जात आहे. हळद, गूळ, बेदाणा, हापूस आंबा, हातसडीचा तांदूळ असा माल गावातून थेट शहरातील घरी जाऊ शकतो, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह होय. परंतु या विक्रीची चर्चा होते तेव्हा भाव, वेष्टन आणि मालाचे छायाचित्र यांवरच भर दिला जातो. माल किती दिवसांत रवाना करावयाचा, हा प्रश्न खाते उघडताना घाईघाईने एखादा आकडा भरून मोकळा केला जातो. वास्तविक हा आकडा म्हणजे मालाच्या प्रतीचाच एक भाग आहे, आणि प्रतवारी जितक्या काळजीने केली जाते, तितक्याच काळजीने तो ठरविला गेला पाहिजे.

मुदत कशी मोजली जाते

गिऱ्हाइकाला जी पोहोचण्याची तारीख दाखविली जाते, ती दोन काळांची बेरीज असते. मागणी आल्यापासून माल बांधून कुरिअर किंवा टपालखात्याच्या हाती सोपविण्यापर्यंतचा काळ हा रवानगीचा काळ, आणि तेथून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा काळ हा वाहतुकीचा काळ. दुसऱ्या काळावर विक्रेत्याची सत्ता फारशी चालत नाही. पहिला मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे, आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

हा काळ बहुधा कामाच्या दिवसांत मोजला जातो. रोजची एक शेवटची वेळ ठरलेली असते. त्या वेळेनंतर आलेली मागणी दुसऱ्या दिवसाची समजली जाते. तालुक्याच्या ठिकाणचा कुरिअरचा माणूस दुपारी तीन वाजता माल उचलत असेल आणि गावातून तेथे पोहोचण्यास दीड तास लागत असेल, तर संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ लिहिण्यात काय अर्थ आहे? ती वेळ सकाळी अकराची असली पाहिजे. म्हणजे बांधणीला अडीच तास तरी हाती राहतील. नियमावलीतील घड्याळ गावाच्या घड्याळाशी जुळवून घेणे, ही या व्यवहाराची पहिली पायरी आहे.

सरासरीवर विसंबू नये

मुदत ठरविताना बहुतेक जण सरासरीचा आधार घेतात. हा आधार फसवा आहे. उदाहरणादाखल एखाद्या गटाने २० मागण्यांची नोंद ठेवली, असे समजू. त्यांपैकी १२ मागण्या एका दिवसात, ५ दोन दिवसांत, २ तीन दिवसांत आणि १ पाच दिवसांत रवाना झाली. एकूण दिवस ३३ होतात आणि सरासरी पावणेदोन दिवसांहूनही कमी येते. यावरून गटाने दोन दिवसांची मुदत जाहीर केली, तर २० पैकी ३ गिऱ्हाइकांना दिलेला शब्द मोडतो, म्हणजे शेकडा १५. मुदत तीन दिवसांची केली, तर एकाचा शब्द मोडतो, म्हणजे शेकडा ५. उशिरा माल मिळालेल्या गिऱ्हाइकाला गटाची सरासरी दिसत नाही. त्याला आपला रिकामा दरवाजा दिसतो.

मग मुदत सरळ पाच दिवसांची करावी काय? तसेही नव्हे. एका मागणीच्या दोषासाठी उरलेल्या १९ गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवणे हा शहाणपणाचा व्यवहार नाही. जी मागणी पाच दिवस रखडली, तिचे कारण शोधले पाहिजे. समजा, पुठ्ठ्याचे खोके संपले होते आणि ते जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत माल पडून राहिला. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार होय. त्यावरील उपाय मुदत वाढविणे हा नसून खोक्यांचा साठा जवळ ठेवणे हा आहे. ज्या दोन मागण्यांना तीन दिवस लागले, त्या वेळी खाते हाताळणारी एकुलती एक सभासद लग्नाला गेली होती, असे आढळले, तर दुसऱ्या सभासदाला ते काम शिकविणे हा उपाय. अशा सुधारणा होईपर्यंत तीन दिवसांची मुदत ठेवावी. सुधारणा झाल्याचे पुढील नोंदींवरून सिद्ध झाले, म्हणजे ती दोन दिवसांवर आणावी. आधी काम सुधारावे आणि मग शब्द आखूड करावा, हा क्रम उलटता कामा नये.

शब्द मोडल्याची किंमत

मुदत पाळणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार जाहीर केलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा पोहोचल्यास विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. अस्मानी किंवा तत्सम अनिवार्य आपत्तीमुळे उशीर झाला असेल, तेवढाच अपवाद आहे. मजूर मिळाले नाहीत किंवा खोके संपले, ही कारणे अनिवार्य आपत्तीत बसणारी नव्हेत. नाशवंत माल परत येणे म्हणजे तर मालही गेला आणि पैसाही गेला.

याशिवाय बाजारपेठांच्या स्वतःच्या अटी असतात. ॲमेझॉनसारखी मोठी पेठ, विक्रेता स्वतः माल रवाना करीत असल्यास, उशिरा रवाना झालेल्या मागण्यांचे प्रमाण शेकडा ४ च्या आत ठेवण्यास सांगते. उशीर टाळण्यासाठी विक्रेत्याने मागणीच रद्द केली, तर त्याचीही निराळी नोंद होते आणि ते प्रमाण शेकडा अडीचच्या आत असावे लागते. हजारो मागण्या हाताळणाऱ्या व्यापाऱ्याला यात पुष्कळ वाव असतो. परंतु ज्या गटाकडे हिशेबाच्या काळात २५ मागण्या आल्या, त्याची एकच मागणी उशिरा गेली तरी ते प्रमाण शेकडा ४ वर जाऊन पोहोचते. लहान विक्रेत्याला चुकीसाठी जागाच नाही. म्हणूनच मुदतीच्या बाबतीत त्याने मोठ्या व्यापाऱ्याची बरोबरी करू पाहणे म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधण्यासारखे आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की लांब मुदत पाहून गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. साबण किंवा चहापत्ती हवी असणारे गिऱ्हाईक एक दिवसही थांबणार नाही. परंतु सांगलीची हळद किंवा कोकणचा हापूस शोधणारे गिऱ्हाईक केवळ वेग शोधीत नसते. ते मूळ ठिकाणचा माल शोधीत असते. या दोन्ही मालांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशा गिऱ्हाइकाला तीन दिवस सांगून तिसऱ्या दिवशी माल निघाला, तर ते पुढील वर्षी पुन्हा येते. एक दिवस सांगून तिसऱ्या दिवशी निघाला, तर ते परत येत नाही, आणि एका गटाच्या नावाबरोबर सबंध गावाच्या नावाला बट्टा लागतो.

सर्व मालाला एकच मुदत नको

पुष्कळ गट आपल्या सर्व मालाला एकच मुदत लावतात. हे चुकीचे आहे. दळून, भरून, शिक्का मारून ठेवलेली हळदपूड एका दिवसात निघू शकते. मागणी आल्यावर भरडावयाच्या किंवा सडावयाच्या मालाला गिरणीची पाळी धरून अधिक दिवस लागतात. बेदाण्याच्या बाबतीत तर एक विशेष दक्षता हवी. बेदाणा बहुधा शीतगृहात ठेवलेला असतो. तो आपल्या मालकीचा असला, तरी हाताशी नसतो. तेथून तो काढून आणणे, निवडणे आणि भरणे यांचे दिवस मुदतीत धरले पाहिजेत, अथवा आठवड्याच्या विक्रीपुरता माल आधीच गावी आणून ठेवला पाहिजे.

हापूस आंब्याची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे मुदत विक्रेता ठरवीत नाही, फळ ठरविते. पुरेसा तयार झालेला आंबा झाडावरून काढल्यावर आढीत पिकण्यास हवामानाप्रमाणे साधारण ८ ते १२ दिवस घेतो. म्हणून बागायतदाराने हिशेब उलट्या दिशेने करावा. गिऱ्हाइकाच्या घरी फळ कोणत्या अवस्थेत पोहोचावे, हे आधी ठरवावे. त्यातून वाहतुकीचे दिवस वजा करावेत, मग बांधणीचे, आणि मग काढणीचा दिवस निश्चित करावा. मागण्या आल्या म्हणून कोवळे फळ उतरविणे हा तर मुदत पाळण्याच्या नावाखाली गिऱ्हाइकाचा विश्वासघात होय. शनिवारी रवाना केलेला खोका रविवारी एखाद्या तापलेल्या गुदामात पडून राहण्याचा संभव असतो. यास्तव नाशवंत मालाची रवानगी आठवड्याच्या पूर्वार्धात, ठरलेल्या दोन किंवा तीन वारीच करावी, आणि ते वार मालाच्या वर्णनातच स्पष्ट छापावेत. झाडावर माल आहे तेवढ्याच मागण्या स्वीकाराव्यात. साठ्याचा आकडा रोज संध्याकाळी दुरुस्त करावा.

पेरणी, सुगी आणि सण

दुकानदाराचे वर्ष आणि शेतकऱ्याचे वर्ष एकसारखे नसते. पेरणीच्या दिवसांत किंवा सुगीत गटातील सर्व हात शेतात गुंतलेले असतात. गौरी-गणपतीत आणि दिवाळीत मागण्या वाढतात, आणि नेमके त्याच वेळी घरातील कामेही वाढतात. पावसाळ्यात वीज आणि रस्ता यांचा भरवसा कमी होतो. असे असता वर्षभर एकच मुदत कायम ठेवणे व्यवहाराला धरून नाही. बहुतेक ऑनलाइन खात्यांवर मुदत बदलण्याची, तसेच काही दिवस विक्री थांबविण्याची सोय असते. तिचा उपयोग अडचण आल्यावर नव्हे, तर अडचणीपूर्वी करावा. आधीच आलेल्या मागण्यांना नवी मुदत लागू होत नाही, हे लक्षात घेऊन बदल चार-आठ दिवस अगोदर करणे इष्ट. चार दिवस दुकान बंद ठेवल्याने थोडी विक्री बुडते. दुकान उघडे ठेवून माल न पाठविल्याने विक्रेताच बुडतो.

कार्यकर्त्यांची आणि पेठांची जबाबदारी

या बाबतीत ग्रामपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांवर मोठी जबाबदारी येते. किती गटांची खाती उघडली, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. परंतु खाते उघडणे म्हणजे विक्री नव्हे. किती मागण्या दिलेल्या मुदतीत रवाना झाल्या, हाच कामाचा खरा मापदंड मानला गेला पाहिजे. प्रत्येक गटाला एक साधी वही ठेवावयास लावावी. तीत मागणी आल्याची तारीख व वेळ, माल बांधून झाल्याची वेळ, कुरिअरकडे दिल्याची वेळ आणि उशीर झाला असल्यास त्याचे कारण, एवढेच चार रकाने असावेत. दोन महिन्यांनी ही वही सर्व सभासदांसमोर वाचली, तर कोणते काम कोठे अडते हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट होईल. कार्यकर्त्याने मुदत स्वतः ठरवून देऊ नये. वहीवरून ती गटाला ठरवू द्यावी. दुसऱ्याने दिलेला शब्द पाळण्याची ओढ कोणाला नसते.

बाजारपेठा चालविणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शहराच्या कडेला असलेल्या मोठ्या गुदामाला आणि तालुक्यापासून वीस किलोमीटर दूर असलेल्या बचत गटाला एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. शेतमालासाठी वारानुसार रवानगीची आणि हंगामानुसार मुदतीची सोय सर्वत्र असली पाहिजे, आणि थोड्या मागण्या असणाऱ्या विक्रेत्याच्या एका उशिराला शेकडेवारीच्या आंधळ्या नियमाने तोलले जाऊ नये. उत्पादक कंपन्यांनी आणि कृषी विभागाने ही मागणी संघटितपणे मांडण्यासारखी आहे. मात्र अशी मागणी मांडण्याचा अधिकार ज्यांची वही चोख आहे, त्यांनाच शोभेल.

शेतकऱ्याच्या मालाला पुष्कळदा भाव मिळत नाही याचे एक कारण असे, की गिऱ्हाइकाला तो माल कोणाचा हे कळतच नसे. ऑनलाइन विक्रीत खोक्यावर गटाचे आणि गावाचे नाव जाते. नाव गेले, म्हणजे त्याबरोबर जबाबदारीही गेली. जेवढे पेलेल तेवढेच दिवस सांगावेत आणि सांगितलेल्या दिवशी माल निघालाच पाहिजे, असा कटाक्ष ठेवावा. जो गट एवढे कसोशीने पाळील, त्याच्या खोक्यावरील गावाचे नाव वाचून गिऱ्हाईक निर्धास्त होईल.